बीपीटीएच झाल्यावर अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगचं मास्टर्स: कोल्हापुरात राहून तयारी कशाची करायची?

पेठेतली_फिजिओ

मंडळी, सल्ला हवाय. बीपीटीएचची (फिजिओथेरपीची पदवी) इंटर्नशिप संपायला चार महिने राहिलेत. फुटबॉलच्या सीझनमध्ये पेठेतल्या एका संघाच्या बाकावर असते. अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगमध्ये मास्टर्स करायचं डोक्यात आहे, पुढच्या उन्हाळ्यात सुरू होणाऱ्या बॅचसाठी.

अडतंय कुठं ते सांगते. कॉलेजांच्या पानांवर केमिस्ट्री आणि फिजिक्स हे आधी झालेलेच पाहिजेत असं लिहिलंय. माझे दोन्ही बारावीला झालेत, मार्कही बरे आहेत. तेवढं पुरतं का? दुसरं, सर्टिफाइड अ‍ॅथलेटिक ट्रेनरच्या हाताखाली ५० ते १०० तास निरीक्षण मागतात. असा माणूस कोल्हापुरात कुठून आणायचा? शाहू स्टेडियमवरचे, तालमीतले तास धरतील का? तिसरं म्हणजे हाताचं काम. कॉलेजात टेपिंग एका दुपारच्या वर्कशॉपात उरकलं. आता वर्ष हातात आहे तर नेमका सराव कशाचा करू?

आणि घरचे म्हणतात एवढा खटाटोप कशाला, इथंच स्पोर्ट्समध्ये एमपीटी (फिजिओथेरपीचं मास्टर्स) कर. त्यावरही बोला, पण 'मनाला विचार' असलं उत्तर नको.

---

ढाकवाला

ताई, घरच्यांचा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर ठरलं की बाकीचं आपोआप सुटतं.

आपल्याकडे 'ट्रेनर' म्हटलं की लोकांना जिममधला पोरगा दिसतो. अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनर हा आरोग्यसेवेतला माणूस आहे. खेळाडू पडल्यापासून मैदानात परत येईपर्यंतचा सगळा प्रवास त्याच्या हाताखालून जातो: दुखापत टाळणं, मैदानावरची तपासणी, तातडीची मदत, पुनर्वसन, नोंदी. त्यांची संघटना नाटा १९५० साली स्थापन झाली आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्ये या पेशाला आरोग्यपेशा म्हणून मान्यता दिली. डॉक्टरच्या निर्देशाखाली काम चालतं, बीओसी या प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची परीक्षा द्यावी लागते आणि जवळपास सगळीकडे राज्याचा परवाना लागतो.

आता मुद्दा. ही पदवी घेऊन तू तिकडे फिजिओथेरपिस्ट होत नाहीस. फिजिओचा परवाना वेगळा. त्यासाठी आधी तुझ्या बीपीटीएचची तिकडच्या डीपीटीशी (फिजिओथेरपीच्या डॉक्टरेट पदवीशी) तुलना होते आणि मग एनपीटीई ही परीक्षा. एम.एस. अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगने त्यातलं काहीच होत नाही. उलट, परत आल्यावर इथं 'एटीसी' (सर्टिफाइड अ‍ॅथलेटिक ट्रेनर) या अक्षरांना वेगळा परवाना नाही. इथं तू प्रॅक्टिस करशील ती बीपीटीएचच्या जोरावरच. म्हणून कोल्हापुरात क्लिनिक, संघांची कामं आणि कॉलेजात शिकवणं एवढंच मनात असेल तर घरचे बरोबर आहेत, दोन वर्षांची एमपीटी जास्त उपयोगी. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजच्या मैदानावर काम करायचं असेल तरच हा रस्ता.

रस्ता घ्यायचा ठरला तर कोर्स निवडताना नाव बघून फसू नकोस. तिथं तीन प्रकार एकमेकांत मिसळलेत. पहिला, परवान्याकडे नेणारा 'प्रोफेशनल' मास्टर्स. तुला हा हवा. दुसरा 'पोस्ट-प्रोफेशनल', जो आधीच सर्टिफाइड असलेल्यांसाठी असतो. तो करून बीओसीला बसता येत नाही. तिसरा म्हणजे कायनेसिऑलॉजी, एक्सरसाइज सायन्स, स्पोर्ट्स मेडिसिन अशा नावांची एम.एस. अभ्यासक्रम चांगला असेलही, पण परीक्षेचं दार तिथून उघडत नाही. बीओसीला बसायला सीएएटीईची (असे कोर्स तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेलाच प्रोफेशनल कोर्स लागतो. पूर्वी ही पदवी बॅचलरलाही मिळायची, पण २०२२ च्या शरद सत्रानंतर बॅचलरचे प्रवेश बंद झाले. त्यामुळे जुन्या लेखांतलं 'बी.एस. केली की झालं' हे आता विसर.

सीएएटीईच्या यादीत प्रत्येक कोर्सपुढे त्याची स्थिती लिहिलेली असते. 'प्रोबेशन' किंवा 'स्वतःहून मान्यता सोडत आहे' असं दिसलं की तिथं पैसे भरायच्या आधी दहादा विचार. दुसरा आकडा बघायचा तो बीओसीत पहिल्या प्रयत्नात पास होणाऱ्यांचा. तीन वर्षांचा एकत्रित आकडा किमान ७० टक्के असावा असा नियम आहे आणि कोर्सला तो जाहीर करावा लागतो. नुसती टक्केवारी बघू नकोस, किती जण बसले तेही बघ. पाच जणांच्या बॅचमधला एक नापास झाला की वीस टक्के गेले.

---

शिक्का_सही

कागदांचं मी सांगतो. वर्ष वाया जातं ते बहुधा इथंच.

बारावीची केमिस्ट्री, फिजिक्स चालत नाही. मार्क कितीही असोत. सीएएटीईला बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, सायकॉलॉजी, अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी हा पाया बारावीनंतरच्या शिक्षणात झालेला हवा असतो. बीपीटीएचमध्ये अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी दणदणीत झालेली असते, सायकॉलॉजीही असते. गोची होते ती बाकीच्या तीन विषयांत, कारण त्या नावाचा पेपर मार्कशीटवर नसतो. विषय शिकलेला असतो, पण वेगळ्या नावाखाली: केमिस्ट्री बायोकेमिस्ट्रीत, फिजिक्स इलेक्ट्रोथेरपी आणि बायोमेकॅनिक्समध्ये. मार्कशीट वाचणाऱ्या तिकडच्या बाईला ते कळायचं कसं?

म्हणून नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा तुझ्या वर्षाचा छापील सिलॅबस काढ, धडे आणि तासांसकट. एका पानाचा तक्ता कर. डाव्या रकान्यात त्यांचा विषय, मध्ये तुझा पेपर आणि वर्ष, उजवीकडे थिअरी-प्रॅक्टिकलचे तास आणि धड्यांची नावं. उदाहरणार्थ फिजिक्ससमोर 'बायोमेकॅनिक्स: बल, टॉर्क, तरफ, गुरुत्वमध्य' असं मोकळं लिही. हा तक्ता प्रत्येक कोर्सच्या डायरेक्टरला ईमेलने पाठव आणि विचार: यातलं काय धरता, काय नाही? उत्तर लेखी घे, फोनवरचं 'शुड बी फाइन' कामाचं नाही. दोन ठिकाणी बायोकेमिस्ट्री चालते, तिसऱ्या ठिकाणी जनरल केमिस्ट्री लॅबसकट मागतात, असं होतंच. जे धरत नाहीत ते एखाद्या मान्यताप्राप्त अमेरिकन कॉलेजातून क्रेडिटसह ऑनलाइन करायचं. फुकट सर्टिफिकेटवाले व्हिडिओ कोर्स इथं चालत नाहीत, क्रेडिट आणि ट्रान्सक्रिप्ट दोन्ही लागतं. त्याला एक सेमिस्टर जातं, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

वरच्या सहांखेरीज स्टॅटिस्टिक्स, न्यूट्रिशन, एक्सरसाइज फिजिऑलॉजी, मेडिकल टर्मिनॉलॉजी असं काही कोर्स जास्तीचं मागतात. एखादा विषय किती वर्षांपूर्वी झाला याचीही काही ठिकाणी मर्यादा असते.

अर्ज बहुतेक ठिकाणी एटीकॅस या एकाच पोर्टलवरून जातो. परदेशी मार्कशीटचं मूल्यमापन लागतं ते 'कोर्स-बाय-कोर्स' प्रकारचं. घाईत स्वस्तातलं 'डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट' घेतलंस तर पैसे पाण्यात, कारण त्यात विषयवार ग्रेड नसतात. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट जावं लागतं, घरच्या स्कॅनरवरचं चालत नाही. अनेक कोर्स येतील तसे अर्ज तपासतात आणि जागा भरत जातात, म्हणजे छापलेली शेवटची तारीख हीच खरी शेवटची तारीख असं धरू नकोस.

आणखी एक. हे कोर्स बऱ्याच ठिकाणी ऑगस्टला नाही, मे ते जुलैमध्येच सुरू होतात. इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला, पदवीचं प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आणि व्हिसा हे सगळं त्याआधी हातात हवं. मागून उलटी तारीखवारी मांड.

शिफारसपत्रं दोन किंवा तीन. मोठ्या खुर्चीवरच्या माणसाचं पत्र मिळत असेल आणि त्याने तुला काम करताना पाहिलंच नसेल, तर ते पत्र अर्धमेलं. क्लिनिकल पोस्टिंगला तुला बघणारे शिक्षक बरे. पत्र देणाऱ्याचा ईमेल संस्थेचा असावा. जीमेलवरून आलेल्या पत्राकडे तिकडे संशयाने बघतात, कधी परत विचारणा येते.

लसींचं कोणी बोलत नाही, म्हणून सांगतो. क्लिनिकला पाय ठेवायच्या आधी गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस, हिपॅटायटिस बी पूर्ण आणि टीबीची तपासणी मागतात. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिने असे असतात. शेवटच्या महिन्यात आठवलं तर काही करता येत नाही. आधी झाला असेल तर अँटीबॉडीची तपासणी करून घे, १० एमआययू/एमएल किंवा जास्त हवी. टीबीसाठी त्वचेवरची चाचणी टाळ, रक्ताची आयजीआरए कर. आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली असते, तिच्यामुळे हातावरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, पत्रव्यवहार, उशीर.

एफ-१ व्हिसाबद्दल दोनच गोष्टी. आय-२० वर, म्हणजे कॉलेज व्हिसासाठी देतं त्या फॉर्मवर, कोर्सचा कोड असतो, अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगचा ५१.०९१३. तो स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणित) यादीत नाही, म्हणजे पदवीनंतर कामाला (यालाच ओपीटी म्हणतात) १२ महिनेच, पुढची दोन वर्षं मिळत नाहीत. कर्जाचं गणित त्या हिशोबाने मांड. दुसरं, कॅम्पसबाहेरच्या क्लिनिकल पोस्टिंगला सीपीटी (शिकत असताना बाहेर काम करायची परवानगी) लागतो का, ते आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आधीच विचार. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाला की ओपीटी जातो. आणि गाडी चालवायला इथंच शीक. पोस्टिंग लांबच्या शाळेत लागतं, तिथं केएमटीची बस नाही.

---

पेठेतली_फिजिओ

बारावीचं चालत नाही हे कुठल्याच कॉलेजने ठळक लिहिलेलं नाही. सिलॅबसचा तक्ता या आठवड्यात करते. हिपॅटायटिसचे दोनच डोस झालेत, तिसरा राहिलाय, उद्याच जाते. निरीक्षणाच्या तासांचं आणि हाताच्या कामाचं कोणी सांगेल का?

---

बाकावरचा_बर्फ

निरीक्षणाचे तास आधी. तालमीतले किंवा स्टेडियमवरचे तास 'अ‍ॅथलेटिक ट्रेनरच्या हाताखाली' या रकान्यात भरायचे नाहीत. तो सरळ खोटेपणा होतो आणि खाली सही करणाऱ्याचा सर्टिफिकेशन नंबर विचारतात तेव्हा उघडा पडतो. ते तास 'आरोग्यसेवेतला अनुभव' म्हणून वेगळे लिही, तिथं त्यांचं वजन चांगलं आहे. निरीक्षणासाठी कोर्सला विचार: परदेशी अर्जदाराला स्पोर्ट्स फिजिओ किंवा स्पोर्ट्स मेडिसिन डॉक्टरच्या हाताखालचे तास धरता का, की ऑनलाइन काही चालतं, की प्रवेशानंतर पूर्ण करू देता? उत्तर प्रत्येकाचं वेगळं येतं. भारतातल्या मोठ्या संघांत, अकादम्यांत अमेरिकेत शिकून आलेले एटीसी थोडे आहेत. कोणी सापडला तर आठवडाभर जाऊन सलग तास कर, महिन्यातून एक दिवस करण्यापेक्षा बरं.

नोंद ठेवताना नुसतं 'मॅच, ४ तास' लिहू नकोस. तारीख, खेळ, काय घडलं, देखरेख करणाऱ्याने काय ठरवलं आणि का, एवढं चार ओळींत. मुलाखतीत 'तुम्ही पाहिलेला एखादा निर्णय सांगा' विचारलं की हीच वही उपयोगी पडते. खेळाडूचं नाव मात्र वहीत नको. 'मिडफिल्डर, १९' पुरतं. तिकडे गोपनीयतेबद्दल फार कडक असतात आणि ते बरोबरच आहे.

आता टेपिंग. वर्कशॉपात पाच प्रकार दाखवतात, एकही हातात बसत नाही. तू एकच घे, घोट्याचा बंद बास्केटवीव्ह, आणि तो दोन्ही पायांवर डोळे मिटून यावा इतका कर. साहित्य: ३८ मिलिमीटर रुंदीची न ताणणारी पांढरी झिंक ऑक्साइड टेप, पातळ फोमचा अंडररॅप, दोन चौकोनी गॉझ, थोडं व्हॅसलिन, टेप कापायची बोथट टोकाची कात्री.

खेळाडू टेबलावर, पोटरी अर्धी बाहेर, घोटा ९० अंशात. सगळा खेळ या ९० अंशांचा आहे. बोलता बोलता पोराचा पाय सैल पडतो, पंजा खाली झुकतो, तू टेप गुंडाळत राहतेस आणि उभा राहिला की पुढं सगळं आवळतं. त्याला पंजा स्वतःकडे ओढून धरायला लाव आणि दर दोन पट्ट्यांनी बघ.

व्हॅसलिन लावलेला एक गॉझ पुढे बुटाची नाडी बसते तिथं, दुसरा मागे अ‍ॅकिलीसवर. मग अंडररॅप, एकच थर. दोन थर झाले की टेप त्यावर घसरते. वरचे अँकर, म्हणजे बाकीच्या पट्ट्या ज्यावर चिकटतात त्या पट्ट्या, पोटरीचा मांसल भाग संपतो तिथं, दोन, अर्धे अर्धे एकावर एक, आणि पायाच्या उताराप्रमाणे तिरके. आडवे सरळ मारले तर एक कड उचलते. खालचा अँकर पंजाच्या मध्यावर, करंगळीच्या बाजूचं जे टोकदार हाड हाताला लागतं त्याच्या मागे. त्या हाडावरच घट्ट बसला की उभं राहिल्यावर पाऊल पसरतं आणि दहाव्या मिनिटाला पोरगा 'पाय बधिर झालाय' म्हणत बाहेर येतो.

मग रकाबी, म्हणजे टाचेखालून जाणारी उभी पट्टी. पाय आत मुरगळतो म्हणून रकाबी आतल्या बाजूने सुरू, टाचेखालून, बाहेरच्या बाजूने ओढून वर. ओढ बाहेरच्या बाजूलाच द्यायची. एक रकाबी, एक आडवा नाल (टाचेमागून फिरणारी आडवी पट्टी), पुन्हा रकाबी. अशा तीन जोड्या, प्रत्येक पट्टी आधीच्या अर्ध्यावर. त्यावर टाचेची कुलपं, म्हणजे हील लॉक, दोन्ही बाजूंनी दोन दोन, मग आठाचा आकडा, शेवटी वरून बंद करणाऱ्या पट्ट्या. टाचेच्या कुलपात सगळे अडतात. टेपला वळवायला जाऊ नकोस, रोल जिकडे सरळ जातो तिकडे जाऊ दे, आपला हात त्याच्यामागे. वळवलीस की सुरकुती, सुरकुती म्हणजे फोड. दोन पट्ट्यांमध्ये राहिलेली उघडी फट, तिलाच खिडकी म्हणतात, तिथंही फोड येतो कारण कातडी त्या फटीत चिमटते.

झाल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोड, दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. मग उभं कर, चालव, चवड्यावर उठव. बोटांना मुंग्या आल्या तर सगळं काढ, एकच पट्टी सैल करून भागत नाही. काढताना कात्री घोट्याच्या हाडामागच्या खोलगट भागातून, दुखऱ्या बाजूच्या उलट अंगाने. आणि टेप कातडीला समांतर ओढायची, वर खेचायची नाही.

टेपचा आधार खेळायला लागल्यावर वीस-तीस मिनिटांत बराच सैल पडतो, हे खेळाडूला आधीच सांग. दोन्ही घोटे मिळून आठ मिनिटांत येऊ लागले की हात बसला समज.

---

थोरला_दवाखाना

वरचं टेपिंग झकास. पण टेपिंग येतं म्हणून कोणी अ‍ॅथलेटिक ट्रेनर होत नाही. फिजिओ आणि त्यांच्यातला फरक आहे तो पहिल्या पाच मिनिटांचा. बीपीटीएचमध्ये रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा एक्स-रे झालेला असतो. मैदानावर काहीच नसतं. बीओसीच्या परीक्षेतही पाच भागांपैकी एक पूर्ण भाग गंभीर प्रसंग हाताळण्याचा आहे. १७५ प्रश्न, चार तास.

म्हणून पहिलं सीपीआर. कोल्हापुरात 'सीपीआरला गेलाय' म्हटलं तर माणूस दसरा चौकाकडे, सीपीआर हॉस्पिटलला निघतो, हा आपला जुना घोळ. हे दुसरं सीपीआर, हृदय बंद पडल्यावर छाती दाबायचं: मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, ३० दाबांना २ श्वास. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचा बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट) कोर्स कर, पुतळ्यावर हात लावून. दोन वर्षं वैध असतो. फार लवकर केलास तर तिकडे पोचेपर्यंत संपत आलेला असतो, म्हणून प्रवेश निश्चित झाल्यावर पुन्हा ताजा करावा लागेल हे धरून चाल.

दुसरं, तुझ्या मैदानाची आपत्कालीन योजना लिहून काढ. कागदावर एक पान. रुग्णवाहिका कुठल्या दाराने आत येते, ते दार मॅचच्या दिवशी उघडं असतं का, किल्ली कोणाकडे, १०८ ला फोन कोण करणार, दाराशी उभं राहून वाट कोण दाखवणार, जवळचं हॉस्पिटल कुठलं, एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आहे का आणि असला तर कुठल्या खोलीत. हजारो प्रेक्षक गॅलरीत आणि दाराबाहेर दुचाक्या आडव्यातिडव्या, या गर्दीत स्ट्रेचर कुठून निघणार? हे पान अर्जात जोडता येतं आणि दहा विशेषणांच्या निबंधापेक्षा जास्त बोलतं.

तिसरं, ऊन. मार्च-एप्रिलच्या दुपारच्या मॅचला पोरगा अडखळायला लागला, उलटसुलट बोलायला लागला, भांडायला लागला, तर 'साखर कमी झाली' म्हणून इलेक्ट्रॉल पाजत बसू नका. शरीराच्या आतलं तापमान ४०.५ अंशांच्या वर आणि डोकं ठिकाणावर नाही, म्हणजे उष्माघात. तिकडचा नियम आहे: आधी थंड करा, मग हलवा. गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात, पाणी ढवळत राहायचं, ३८.९ अंशांपर्यंत उतरलं की बाहेर काढायचं. अर्ध्या तासाच्या आत. आतलं तापमान गुदद्वारातल्या लवचीक प्रोबनेच कळतं. कपाळ, कान, काख इथले आकडे अशा वेळी फसवे, घामाने कातडी गार लागते आणि आत भट्टी असते. टब नसेल तर ताडपत्री. चार-सहा जणांनी कडा उचलून धरायच्या, मधे खेळाडू, वरून पाणी आणि बर्फ, आणि कडा हलवून पाणी खेळवत ठेवायचं. टबाइतकं झपाट्याने होत नाही, पण ओल्या टॉवेलने वारा घालण्यापेक्षा कितीतरी बरं. बर्फ आणि ताडपत्री आपल्याकडे मिळते, अडतं ते ठरवून आणून ठेवण्यापाशी.

चौथं, डोक्याला मार. स्कॅट ६ हा तपासणीचा फॉर्म इंटरनेटवर फुकट आहे, १०-१५ मिनिटं लागतात. शंका आली तरी त्या दिवशी मैदानात परत नाही. नंतर सहा पायऱ्यांनी खेळ वाढवायचा, प्रत्येक पायरीला किमान २४ तास. दोन फुटबॉलपटू हेडिंगला एकमेकांवर आदळल्यावर बर्फ लावून लगेच आत पाठवायची आपल्याकडे पद्धत आहे, ती पहिल्यांदा डोक्यातून काढायची. मॅच चालू असताना तू 'नाही' म्हणालीस तर संघाचा दादा तुझ्यावर ओरडणार, हेही धरून चाल.

पाचवं, घोटा. ओटावा नियम पाठ कर: घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडेला खालून ६ सेंटीमीटरपर्यंत दाबल्यावर दुखणं, किंवा लगेच आणि तपासताना चार पावलं टाकता न येणं, यातलं काहीही असलं तर एक्स-रे. पंजासाठी पाचव्या मेटाटार्सलचं (करंगळीमागच्या लांब हाडाचं) बूड आणि नेव्हिक्युलर (पावलाच्या आतल्या बाजूचं हाड) इथं दाबून बघायचं. नुसती सूज बघून 'फ्रॅक्चर दिसतंय' म्हणायचं नाही.

---

लाल_माती_निळी_मॅट

तालमीचं कोणी बोललं नाही म्हणून. निबंधात 'मी कुस्तीच्या पंढरीतून येते, खाशाबा जाधव आमच्या राजाराम कॉलेजचे, १९५२ ला हेलसिंकीत कांस्य' हे एका वाक्यात संपव. वाचणाऱ्याला तुझ्या शहराचा इतिहास नको, तू काय ओळखतेस ते हवंय. कुस्तीत ओळखण्यासारख्या तीन गोष्टी आहेत.

कान. सुजून मऊ झालेला कान म्हणजे कूर्चा आणि तिच्यावरचं आवरण यांच्यामध्ये साचलेलं रक्त. कूर्चेला रक्तपुरवठा त्या आवरणातूनच होतो, म्हणून ते तसंच राहिलं की कूर्चा मरते आणि गाठी धरतात. डॉक्टरने निर्जंतुक पद्धतीने काढून वर दाबपट्टी बांधायची. दाबपट्टी नसेल तर रक्त पुन्हा भरतं. तालमीत सुईने टोचून काढलं तर जंतुसंसर्ग होतो आणि कान कायमचा जातो.

गजकर्ण. तिकडच्या कॉलेज कुस्तीत अंगावरच्या गजकर्णावर किमान ७२ तास मलम लावल्याशिवाय मॅटवर सोडत नाहीत, डोक्यात असेल तर दोन आठवडे पोटातून औषध. एकच टॉवेल चौघांनी वापरायचा ही तालमीतली सवय, त्याचं काय करायचं हे तू एका परिच्छेदात लिहू शकलीस तर ते वाचलं जाईल.

वजन तोडणं. १९९७ मध्ये अमेरिकेत तीन कॉलेज पैलवान वजन कमी करताना मेले, त्यानंतर सगळे नियम बदलले. लघवीची सापेक्ष घनता १.०२० किंवा कमी असेल तरच मोजमाप ग्राह्य, चरबी पुरुषांत ५ टक्क्यांखाली धरत नाहीत, आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त घट नाही. ७० किलोच्या पोराला आठवड्याला एक किलो पन्नास ग्रॅम. ही घनता मोजायचा रेफ्रॅक्टोमीटर महाग नसतो, वापरायला शीक. प्लॅस्टिकचा सूट घालून पळणारा पोरगा पुढ्यात असेल तेव्हा नुसतं 'असं करू नको' म्हणण्यापेक्षा आकडा दाखवलेला लागू पडतो.

ढाकवाल्याने 'एमपीटी किंवा हे' असं मांडलं, ते पटत नाही. एमपीटी केली तर वेळ गेला असं नाही. आधी एमपीटी आणि मग हे, असं केलं तर मुलाखतीत तू जास्त ठाम दिसतेस. वय आणि कर्ज परवडत असेल तर.

---

ढाकवाला

ठाम दिसण्यासाठी दोन वर्षं आणि एमपीटीची फी? भावा, प्रवेशाला बॅचलर पुरते. ती दोन वर्षं तिकडे नोकरीत घालवलेली बरी.

---

पेठेतली_फिजिओ

एमपीटीवर तुमचं चालू दे. मला शेवटचे दोनच विचारायचे आहेत. सरावासाठी झिंक ऑक्साइड टेप रोज वापरली तर खर्च फार होतो, डायनाप्लास्टवर सराव चालेल का? आणि अमेरिकन फुटबॉलमधलं मला शून्य कळतं.

---

बाकावरचा_बर्फ

डायनाप्लास्ट ताणतं. त्यावर हात बसला की ओढ चुकीची बसते आणि पांढरी टेप हातात घेतली की आवळतं. क्रम आणि दिशा पाठ करायला आठवडाभर रुंद मास्किंग टेप वापर, हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती ताणत नाही. कातडीवर लावायची नाही, मोज्यावरून. सुरकुत्या तिच्यावर लगेच दिसतात हा फायदाच. मग आठवड्यातून दोनदा खऱ्या टेपने. बहिणीचे, मैत्रिणींचे, गोलकीपरचे पाय वापर; एकाच पायावर सराव केला की तोच पाय येतो.

---

थोरला_दवाखाना

अमेरिकन फुटबॉलचे नियम यूट्यूबवर दोन रविवारांत कळतात. तुला कळायला हवं ते साहित्य. हेल्मेट आणि खांद्याचे पॅड घातलेल्या खेळाडूच्या मानेला मार लागला तर श्वासमार्ग मोकळा करायला तोंडासमोरची जाळी काढतात, त्यासाठी बिनवायरचा स्क्रू-ड्रायव्हर आणि तो अडला तर कटर बाकावर असतो. मान एकाने धरायची, तो सांगेल तेव्हाच बाकीच्यांनी हलायचं. ऑगस्टमध्ये सराव सुरू होतो तेव्हा शाळांत उन्हाची सवय १४ दिवसांत लावतात: पहिले पाच दिवस दिवसाला एकच सराव, पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी खांद्याचे पॅड, पूर्ण साहित्य सहाव्या दिवसापासून.

हे वेळापत्रक मार्चमधल्या तुझ्या संघाच्या सरावाला लावून बघ. पॅड नाहीत, म्हणून सरावाचा वेळ पायरीपायरीने वाढव आणि सरावाआधी-नंतर प्रत्येकाचं वजन लिही. एका सरावात दोन टक्क्यांपेक्षा जास्त घटलं की त्या पोराला बाजूला घेऊन पाण्याचं बोल. मात्र वजनकाटा एकच वापर आणि घामाने ओली जर्सी काढून मोज, नाहीतर आकडे निरुपयोगी.